आठ महिन्यांचं आडनाव

अक्का,

काल नगर निगमातून तुझा मृत्यूचा दाखला घेऊन आलो. अर्ज मागच्या आठवड्यात दिला होता. त्या दिवशी मी चष्मा घरीच विसरलो होतो. खिडकीवरची मुलगी भली निघाली. तिने फॉर्म आपल्याकडे ओढला आणि स्वतःच भरायला घेतला.

"अंकल, मृतका का नाम?"

"सुनंदा."

"पूरा नाम बताइए."

मागचा माणूस खाकरला. मुलीने माझ्या हातातलं तुझं आधार कार्ड घेतलं आणि त्यावरून उतरवलं, सुनंदा टेंबे. मग पुढचा रकाना आला. "पति का नाम?"

खोटं कशाला सांगू, मला ते आठवलंच नाही. ज्या माणसाचं आडनाव तू पन्नास वर्षं लावलंस, त्याचं पहिलं नाव तुझ्या सख्ख्या भावाला आठवेना. मी विचारलं, वडिलांचं लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, "दोनों में से एक चाहिए, अंकल, कोई-सा भी." मग मी दादांचं नाव सांगितलं. तर आता दाखल्यावर तू आहेस सुनंदा टेंबे आणि तुझे वडील आहेत दामोदर चिटणीस. कागद बघणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्याची चूक झाली. मला मात्र तो कागद बघवत नाही. कारण तुझं-माझं शेवटचं भांडण याच आडनावावरून होतं, आणि ते तसंच राहून गेलं.

तू परत आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सोळा वर्षांचा होतो, तू बावीस. दादांनी मला देवास गेटच्या बसस्टँडवर पाठवलं. म्हणाले, "सुनंदा येतेय, घेऊन ये." किती दिवसांसाठी येतेयस ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तू बसमधून उतरलीस, तुझ्या मागून कंडक्टरने ट्रंक खाली दिली. लग्नात तुझ्याबरोबर तीन ट्रंका गेल्या होत्या. टांग्यात बसल्यावर मी म्हटलं, "बाकीचं सामान?" तू म्हणालीस, "बाकीचं माझं नव्हतं." आणि मग घर येईपर्यंत मला अकरावीचे विषय विचारत बसलीस.

आई दोन दिवस रडली. दादांनी एकदाच सांगितलं, "तिला कुणी काही विचारायचं नाही." आम्ही सगळ्यांनी त्यांचं इतकं ऐकलं, की पन्नास वर्षं कुणी विचारलंच नाही. तेव्हा मला तो दादांचा मोठेपणा वाटला होता. आता वाटतं, आम्हाला ते सोयीचंही होतं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म तुझ्या लग्नानंतर भरला गेला, म्हणून डिग्री टेंबे नावाने आली. डिग्रीवरून बी.एड., बी.एड.वरून नोकरीचा कागद, नोकरीच्या कागदावरून सगळं आयुष्य. मुलींच्या सरकारी शाळेत तू पहिल्या दिवशी गेलीस ती टेंबे मॅडम म्हणून आणि रिटायर झालीस तीही टेंबे मॅडम म्हणून. घरात तू अक्का होतीस. चिटणीस तू कुठेच नव्हतीस. फक्त आईच्या श्राद्धाला गुरुजी गोत्र विचारायचे तेव्हा तू हळूच माझ्या शेजारी येऊन बसायचीस.

आणि गंमत अशी, की आडनावांचं वेड तुलाच लागावं. ते कधी लागलं ते मला माहीत नाही, पण मला कळलं ते विजेच्या खात्यात माझी नोकरी लागली त्या वर्षी. मी सकाळी डबा भरून निघालो होतो. तू शाळेच्या वह्या तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू आता रोज तीन माणसांची आडनावं घेऊन फिरणार."

"कोण तीन?"

"व्होल्ट, अँपिअर, वॅट. ओहम धरला तर चार."

मी म्हटलं ही मापं आहेत. तू म्हणालीस, "आधी माणसं होती, मापं मागून झाली." संध्याकाळी मी परत आलो तर तू मला चहाबरोबर अँपिअर सांगितलास. तो तरुण असताना फ्रान्सात क्रांती झाली, आणि त्याच्या वडिलांचं डोकं गिलोटिनखाली गेलं. मुलगा म्हणे वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. मग पुन्हा पुस्तकं उघडली, आणि पुढे त्याच्या नावाने जगभरचे फ्यूज मोजले जाऊ लागले. तू म्हणालीस, "आता तू फ्यूज बदलशील तेव्हा त्या पोराची आठवण ठेव." अक्का, चौतीस वर्षं मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. खरंच सांगतो, पावसाळ्यात खांबाखाली उभा राहून लाइनमनला ओरडून सांगताना कितीदा तरी तो बाप मेलेला पोरगा माझ्या डोळ्यांपुढे आला आहे.

शाळेत तू दर शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचीस, आणि तास संपताना त्याची गोष्ट सांगायचीस. सँडविचचा सरदार, स्वेटरला नाव देऊन गेलेला कार्डिगनचा सेनापती, बोटीवरून रात्रीत नाहीसा झालेला डिझेल. नववीच्या मुली शनिवारी दांडी मारत नाहीत म्हणून हेडमास्तरीण बाई चकित व्हायच्या. तू मला सगळ्या गोष्टी घरी आधी सांगून बघायचीस. मी हसलो तर मुली हसतील, असा तुझा हिशेब. ब्लूमरची गोष्ट सांगावी की नाही यावर आपण दोन दिवस वाद घातला होता. मी म्हणालो, वर्गात मुली खिदळतील. तू म्हणालीस, खिदळू देत. त्या बाईंनी तो ढगळ पायजमा शोधलासुद्धा नव्हता, नुसता घातला आणि आपल्या वर्तमानपत्रात त्याची बाजू मांडली. लोकांनी चिडवायला तिचं आडनाव त्या कपड्याला चिकटवलं. मग तू म्हणालीस, "आणि ते आडनाव तरी कुठे तिचं होतं? नवऱ्याचं होतं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तुझ्या बोलण्यातलं ऐकायचं ते मी बहुतेक सोडूनच देत आलो.

नानाखेड्याच्या बाजूला आपण हे घर बांधलं तेव्हा फाटकावर बोगनवेल तूच लावलीस. शैलाला काटे नको होते. तिला तू समजावलंस, हा फ्रेंच दर्यावर्दी आहे, याला पाणी कमी लागतं आणि हा कुणाचं ऐकत नाही. शैला हसली आणि तुझ्या बाजूची झाली. माझ्याशी लग्न होऊन आली तेव्हापासून ती तुझ्याच बाजूची होती. वेलीला पहिली फुलं आली त्या दिवशी तू आम्हा दोघांना बाहेर बोलावून उरलेली गोष्ट सांगितलीस. त्या जहाजावर झाडापाल्याचा अभ्यास करणारा एक विद्वान होता, आणि त्याच्या हाताखाली एक बाई होती, पुरुषाचा वेष घेऊन. बायकांना जहाजावर मनाई होती ना. विद्वानाचा पाय दुखायचा, त्यामुळे डोंगरात चढून झाडं गोळा करायचं काम बरंचसं तीच करायची. ही वेलही कदाचित तिनेच खुडून आणली असेल, असं काही लोक म्हणतात. नाव मात्र कप्तानाचं लागलं. शैलाने विचारलं, "आणि त्या बाईचं नाव?" तू ते सांगितलंस. मी विसरलो. शैलाला अजून पाठ आहे.

मी तुझ्या उपकारांची यादी करणार नाही, तुला ती आवडली नसती. पण एक लिहितो. खात्याच्या परीक्षेत मी इंग्रजीत दोनदा नापास झालो, तेव्हा तू मला रोज सकाळी शाळेआधी तासभर शिकवलंस. मी बत्तीस वर्षांचा घोडा, बायको आतून ऐकतेय, आणि तू मला मुलींसारखं "पुन्हा वाच" म्हणायचीस. एकदा चिडून मी वही भिरकावली. तू ती उचलून आणलीस, माझ्यापुढे ठेवलीस आणि पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी मी पास झालो. तू कुणालाही सांगितलं नाहीस की मला तू शिकवलंस.

मग तुझा उजवा हात थरथरायला लागला.

आधी वाटलं वय झालं. मग तुझं अक्षर बारीक होत चाललं. शाळेतल्या मुलींनी शेवटच्या बाकावरून वाचलेलं तुझं फळ्यावरचं गोल अक्षर, ते वाण्याच्या यादीत मुंगीएवढं व्हायला लागलं. डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलं, अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. ऑटोत बसल्यावर शैला डोळे पुसत होती. तू म्हणालीस, "घ्या. एक आडनाव लग्नाने मिळालं होतं, हे दुसरं बिनलग्नाचं. पार्किन्सन."

घरी आल्यावर तू त्या पार्किन्सन डॉक्टरची माहिती काढलीस. त्याने म्हणे मोजकेच रोगी बघून सगळं लिहिलं होतं, आणि त्यातले काही तर नुसते रस्त्यातून चालताना दिसलेले. तू म्हणालीस, "म्हणजे मी फ्रीगंजमध्ये भाजी घ्यायला जाते तेव्हा मलाही कुणी असं बघत असेल." मी म्हटलं, असलं बोलू नकोस. त्यानंतर तू भाजीला शैलाला पाठवायला लागलीस, ते माझ्या बरेच दिवस लक्षात आलं नाही.

पेन्शनीच्या कागदावर सही जुळेना, तेव्हा आपण दोघं बँकेत गेलो. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "माताजी, अंगूठा लगा दीजिए." छत्तीस वर्षं मुलींना लिहायला शिकवलेल्या बाईने अंगठा लावला. बाहेर पायऱ्यांवर येऊन म्हणालीस, "नंदू, सही गेली ते बरंच झालं. ती माझी नव्हतीच. मला आडनाव बदलायचंय."

मी समजलो, तू चिडून बोलतेयस.

आठ दिवसांनी तू पुन्हा काढलंस. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मी पेपर वाचत होतो. तू गिलोटिनपासून सुरुवात केलीस. तो डॉक्टर बिचारा दयाळू होता, त्याने यंत्र बनवलंही नव्हतं, फक्त म्हणाला होता की मरणाऱ्याला त्रास कमी व्हावा. यंत्राला त्याचं नाव चिकटलं. पुढे घरच्यांनी सरकारला अर्ज केला, यंत्राचं नाव बदला. सरकारने ऐकलं नाही. मग त्यांनी स्वतःचंच आडनाव बदललं, असं सांगतात.

"त्यांना जमलं," तू म्हणालीस, "मग मला का नाही?"

"अक्का, आता या वयात? आधार, पॅन, पेन्शन, बँक, सगळीकडे चक्कर मारावे लागतील."

"तू मारशील ना."

"मारीन, पण मतलब काय? इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

तू म्हणालीस, "मला पडतो."

मी "बघतो" म्हणालो. आपल्या घरात "बघतो" म्हणजे काय ते तुला माहीत होतं. दादाही असंच म्हणायचे.

तिसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा शैला देवळात गेली होती. घरात आपण दोघंच. मी पुन्हा तेच सांगितलं, मतलब काय. तू खुर्चीत बसलेली होतीस, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. आणि तू जे पन्नास वर्षं सांगितलं नव्हतंस ते सांगितलंस.

"बॉयकॉट शब्द माहीतेय न तुला?"

"हो. बहिष्कार."

"तो एक कॅप्टन होता, आयर्लंडात. जमीनदाराचा कारभारी. कुळांवर जुलूम करायचा, म्हणून गावाने ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही. शेतावर मजूर जाईनात, दुकानदार माल देईनात, पत्रं पोचेनात. मी ही गोष्ट मुलींना कितीदा सांगितली असेल. दर वेळी मला वाटायचं, त्या माणसाला निदान कारण तरी ठाऊक होतं."

मी पेपर खाली ठेवला.

"मारलं-बिरलं नाही कुणी मला. उपाशी ठेवलं नाही. फक्त सासरच्या आठ महिन्यांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पहिल्या दिवसापासून. ताट ठेवलं की जेवायचा, उठून जायचा. त्याच्या आईला निरोप सांगायचा, ती मला सांगायची. मी विचारलं, माझं काय चुकलं. त्याचंही उत्तर नाही. एक दिवस मला भीती वाटली, की मी बोलते ते आवाजात येतं तरी की नाही. त्या दिवशी मी ट्रंक भरली."

अक्का, मी त्यावर काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "तू आधी कधी सांगितलं नाहीस."

तू म्हणालीस, "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मी दुसऱ्या दिवशी फॉर्म आणला. प्रतिज्ञापत्राचा मसुदाही वकिलाकडून करून आणला. मग वकिलाने सांगितलं की पेपरात जाहिरात द्यावी लागते. मी, सुनंदा टेंबे, यापुढे सुनंदा चिटणीस या नावाने ओळखली जाईन, अशी. ते ऐकलं आणि मी तो सगळा गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. आज तुला खरं कारण सांगतो. चक्कर मारायचा मला कंटाळा नव्हता. गावातले मराठी लोक ती जाहिरात वाचतील, गणपतीत, हळदीकुंकवात चार जण विचारतील, एकाहत्तर वर्षांच्या म्हातारीला हे काय सुचलं, आणि मला ती जुनी गोष्ट उकलावी लागेल, याची मला लाज वाटली. लाज तुझी नाही, अक्का. लोकांना उत्तर द्यायची. पण तुझ्या दृष्टीने त्यात काय फरक होता?

चौथ्यांदा तू विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस. बरं वाटलं.

शेवटच्या वर्षी तुझा आवाजही लहान झाला. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतो. तू आपल्या परीने नीट बोलायचीस, आम्हाला मात्र ऐकू यायचं नाही. शैला अगदी तोंडाजवळ कान न्यायची. मी लांबूनच "हो, हो" करायचो. आता कळतं, त्या घरात तुला जी भीती वाटली होती, ती माझ्या घरात खरी झाली.

दवाखान्यात सहा दिवस होतीस. घास छातीत उतरला होता, त्यातून न्यूमोनिया. मनगटावर पट्टी होती, तिच्यावर नाव होतं, आणि नर्स तुला "टेंबे आंटी" म्हणून हाक मारायची. पाचव्या दिवशी दुपारी तू मला खुणेने जवळ बोलावलंस. काहीतरी म्हणालीस. मी वाकलो, मला कळलं नाही. तू पुन्हा म्हणालीस. ऑक्सिजनचा आवाज, शेजारच्या खाटेवरचा मोबाइल. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो अक्का, करतो." तू डोळे मिटलेस. कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तुझी एक विद्यार्थिनी आली. नसरीन. आता चाळिशीची आहे, पोस्टात काम करते, बरोबर तिची कॉलेजातली मुलगी होती. नसरीन म्हणाली, "अंकल, हमारे घर में तो मैडम का नाम रोज़ लेते हैं."

मला वाटलं, आदराने म्हणतेय. तिची मुलगी हसली. म्हणाली, "नहीं अंकल, सच में. मम्मी बोलती हैं, इसको टेंबे कर दो."

मी विचारलं, म्हणजे काय. नसरीनने सांगितलं. तू म्हणे चुकलेलं वाक्य कधी लाल शाईने खोडायची नाहीस. त्याच्याखाली पेन्सिलने एक बारीक रेघ ओढायचीस आणि म्हणायचीस, एक लाइन छोड़ो, नीचे फिर से लिखो. मुलींनी त्याला नाव ठेवलं, टेंबे करना. वह्यांतून ते शाळेत पसरलं, शाळेतून घराघरांत. पोळी करपली, टेंबे कर दो. शिवण उसवली, टेंबे कर दो. नसरीनची पहिली नोकरी सुटली तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीने, तीही तुझीच विद्यार्थिनी, तिला एवढंच लिहून पाठवलं होतं, "टेंबे कर ले, आपा."

मी विचारलं, "अक्काला, म्हणजे मैडम को, मालूम था?"

"मालूम था. एक बार क्लास में किसी के मुँह से निकल गया. हम सब डर गए. मैडम उठीं और बोर्ड के कोने में लिख दिया, टेंबे. शनिवार था. बोलीं, आज का शब्द यही है. फिर एक लड़की ने पूछा, मैडम, इस आदमी की कहानी? तो बोलीं, इसकी कहानी मुझे भी नहीं आती."

त्या दोघी गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि किती वेळ बघत बसलो. तुला ते आडनाव पुसायचं होतं, आणि या गावातल्या कितीतरी बायका ते रोज तोंडात घेऊन आपलं बिघडलेलं काम सावरतात. याचा तुला आनंद होता की जाच, मला कळत नाही. दोन्ही असेल. तू असतीस तर आपण यावर चहा थंड होईपर्यंत भांडलो असतो. मी म्हणालो असतो, बघ, आता ते त्याचं कुठे राहिलं, तुझं झालं. आणि मला माहीत आहे तू काय म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, नंदू, ते माझं आहे की नाही हे तू नको ठरवू.

आज सकाळी शैला म्हणाली, दाखला आला, आता घराण्याच्या वहीतही तिची तिथी घालून या. रामघाटावर पंडाजींकडे आपल्या घराण्याची वही आहे. आपण गावातलेच, पण आजोबांनी ती चालू ठेवली होती, आणि घरातलं कुणी गेलं की तिथे जाऊन लिहायची पद्धत आहे. मी दादांच्या वेळी गेलो होतो, आईच्या वेळी गेलो होतो. जाताना ऑटोत मनाशी तयारी करत होतो. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या पानावर लिहीत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं होतं, आज भांडायचं. निदान इथे तरी तुझं नाव चिटणीस म्हणून लिहवून घ्यायचं, पंडाजी काहीही म्हणोत.

म्हातारे पंडाजी गेले, आता त्यांचा मुलगा बसतो, तोही पन्नाशीचा. त्याने लाल कापडात बांधलेली लांब वही सोडली आणि आपलं पान काढलं. आजोबांची मोडीतली ओळ. दादांची सही. माझ्या हातची दोन नावं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याखालची ओळ दिसली.

"सुनंदा. दामोदर चिटणीस यांची मोठी मुलगी. शिक्षिका. राहणार उज्जैन."

तुझं अक्षर. सुनंदा त्यातल्या त्यात मोठं, मग प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा बारीक, आणि शेवटचं उज्जैन तर चष्म्यातूनही जेमतेम दिसणारं.

पंडाजी म्हणाले, "दो साल हुए होंगे. अकेली आई थीं, ऑटो से. सीढ़ियाँ उतरने में ही बहुत टाइम लगा. मैंने कहा, माताजी, ससुराल वालों की बही में नहीं लिखवाएँगी? बोलीं, वहाँ मेरा कुछ लिखा हुआ नहीं है."

"तुम्ही लिहू दिलंत?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"मैं कौन होता हूँ रोकने वाला. मैंने तो कहा, आप बोलिए, मैं लिख देता हूँ. नहीं मानीं. बोलीं, लिखूँगी तो मैं ही. हाथ काँप रहा था, पन्ना सरक-सरक जाता था. तो मैंने दोनों हाथों से बही दबा के रखी. आधा घंटा लगा होगा. फिर बैठी रहीं थोड़ी देर. खुश थीं."

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे मी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकल्यानंतर. शैलाला तिथूनच फोन करून विचारलं तर तिलाही माहीत नव्हतं. तू कुठल्या दिवशी गेलीस, कोण ऑटोवाला होता, घरी काय सांगून निघालीस, परत येताना कुणी हात दिला, मला काहीच माहीत नाही. मी त्या दिवशी घरीच असेन. पेपर वाचत असेन.

पंडाजींनी मला पेन दिलं आणि सवयीने वही धरायला पुढे झाले. मी म्हटलं, राहू द्या, मी धरतो. डाव्या हाताने पान दाबून धरलं, आणि तुझ्या नावाखाली तुझी तिथी लिहिली.